ठमीची सोबत

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज. सकाळपासून गल्लीत लवंगी माळा चालू आहेत आणि ठमी पलंगाखाली बसून मागचा पाय फरशीवर आपटतेय. थड, थड. सशाचा हा इशारा बिळातल्या बाकीच्यांसाठी असतो: पळा, काहीतरी आलंय. आमच्याकडे ऐकायला दुसरं कोणी उरलेलं नाही. तिचा जोडीदार पांडबा एप्रिलात गेला. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटेच बाहेर पडते, आणि यंदाचा एप्रिल फार वाईट होता.

तेव्हापासून ती खाते नीट, पण बाकी सगळं उतरलंय. कोथिंबिरीची जुडी सोडली की धावत यायची, ते बंद. कानांमागचे केस गुंतलेत. तिथं तिची जीभ पोचत नाही. ते काम पांडबाचं होतं.

दादा जेवायला आला, सोबत भाचा. तो शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्याने ठमीचे दात पाहिले, पोट चाचपलं, लेंड्या निरखल्या नि म्हणाला, "आत्या, हिला काही झालेलं नाही. ही एकटी पडलीय." पाळीव ससा कुठल्याही रंगाचा, आकाराचा असो, त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे जंगली ससे, ते बिळं खणून टोळक्याने राहतात. स्वित्झर्लंडमध्ये तर गिनीपिग एकटं पाळायला कायद्यानेच मनाई आहे. आमचे हे म्हणाले, "आणि इथं माणसं एकेकटी राहतात, त्यांचं काय?" दादा हसला. मला हसू आलं नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

ठमीला सोबत शोधतेय ही बातमी गावभर झाली. शेजारच्या आक्कांनी कुंपणावरूनच विचारलं, "काय गं, ठमीला नवरा बघतीस म्हणं?" मी म्हटलं, नवरा नाही, सोबत. "येकच की ते!"

इथेच सगळं अडतं. ज्याला त्याला पहिला प्रश्न पडतो तो पिल्लांचा. किती होतील, कधी होतील, विकणार का. हिशोब तसा मोहात पाडणाराच आहे: महिनाभरात मादी विते, आणि व्याल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. चार महिन्यांची पिल्लं स्वतःच पिल्लं घालायच्या वयाला येतात. मला ते नकोय म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी म्हैस पाळून दूध नको म्हणतेय.

भोरच्या बाजारात भेटलेल्या एकांनी मोठ्या मनाने नर देऊ केला. ते मांसासाठी ससे पाळतात. न्यूझीलंड व्हाइट, पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, चार किलोंच्या वर. भाच्याला फोन लावला. त्याने बजावलं की खच्चीकरण न केलेला नर घरात घ्यायचाच नाही. आणि खच्चीकरण केलं तरी सहा आठवडे मादीपासून लांब ठेवायचा, कारण तोवर पिल्लं होऊ शकतात. दोन माद्या? जमतंही कधीकधी, पण ठमीसारखी वयात आलेली, घर आपलंच मानणारी मादी दुसरीला सहजी आत घेत नाही. ऑपरेशन झालेला, शांत नर सगळ्यात बरा. मी नकार कळवला तर गृहस्थ दुखावले. "मग सोबतीला बोका आणा," म्हणाले.

सोमवार, ११ नोव्हेंबर

भातकापणी अजून चालू आहे. दुपारी वरच्या आळीतला एक पोरगा गमछ्यात काहीतरी गुंडाळून आला. "काकी, ठमीला जोडीदार. फुकट!"

गमछा उघडला. मुठीत मावेल एवढं पिल्लू, तपकिरी, पाठीवर काळी झाक, कपाळावर पांढरा ठिपका. डोळे टक्क उघडे. अंगाचा एक केस हलत नव्हता, फक्त नाकपुडी. मानेमागे बोटाने केस बाजूला केले तर तिथे काळा डाग धरू लागलेला. हा आपल्या माळावरचा रानससा. ठमीचा हा लांबचाही जावई होऊ शकत नाही: ठमीच्या जातीची गुणसूत्रं ४४, याची ४८. ठमीची पिल्लं झालीच असती तर उघडी, आंधळी, बिळातल्या केसांच्या गादीवर लोळणारी झाली असती. हा मात्र जन्मला तोच केसांसकट, उघड्या डोळ्यांनी, उघड्या रानात. बीळ करत नाही, टोळी करत नाही. त्याला एकटंच राहायचं असतं. इतकी सारखी दिसणारी दोन जनावरं आणि स्वभाव असे उलटे; लोक दोघांनाही ससाच म्हणतात, त्यात त्यांची चूक नाही.

पोराला वाटलं होतं, पिल्लाला आईने टाकलंय. टाकलेलं नव्हतं. रानसशीण पिल्लाजवळ थांबतच नाही. थांबली तर तिच्या वासावर कोल्हा येईल. अंधार पडता येते, पाजते, निघून जाते. दिवसभर पिल्लू हलत नाही, हेच त्याचं संरक्षण. शिवाय वन्यजीव कायदा १९७२ सालचा आहे. रानससा घरात ठेवणं गुन्हा. हे ऐकल्यावर पोरगा जरा गंभीर झाला. त्यालाच सोबत घेऊन गेले. ज्या बांधाच्या कडेला, ज्या गवताच्या झुबक्यात सापडलं तिथेच ठेवायला लावलं. खाचरात अजून चिखल होता, चप्पल हातात घ्यावी लागली. शेतमालकाला सांगितलं, उद्यापर्यंत या कडेची कापणी सोडा. तो म्हणाला, "सोडतो की. सशासाठी का होईना, तुम्ही शेतात तर आला."

रविवार, १७ नोव्हेंबर

विधानसभेच्या प्रचाराचे शेवटचे दिवस. भोंग्यांच्या रिक्षा आमच्या उत्रोलीतून जातात तेव्हा घोषणांत एमआयडीसी येते, पुढच्या वळणावर नीरा नदी येते, मग गाणं. आम्ही सकाळीच निघालो. कापूरहोळ, चेलाडी, खेड-शिवापूरचा टोलनाका, कात्रज. धनकवडीत एका कुटुंबाला आपला ससा कोणाला तरी द्यायचा होता. जानेवारीत ते बंगळूरला जाणार आहेत.

नाव बिस्किट. डच जातीचा; पुढचा भाग पांढरा, मागचा काळा, तोंडावर पांढरा पट्टा, वजन दोन किलोंच्या आसपास. ऑपरेशन गणपतीच्या आधी झालेलं, म्हणजे सहा आठवडे केव्हाच उलटून गेले. भाच्याने सांगितल्याप्रमाणे मी बाईंना विचारलं, हा घाबरला की काय करतो? चावतो की लपतो? लपतो, म्हणाल्या. उचललं तर? थिजून बसतो. चांगलं लक्षण. ठमी दांडगट आहे, दोन दांडगट एका घरात नकोत. रंग, जात, वय यांपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

त्यांचा मुलगा चौथीत आहे. त्याने वहीचं पान फाडून यादी दिली: बिस्किटला काय आवडतं (कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पुठ्ठा), कशाची भीती वाटते (मिक्सर). ठरलं असं की नाहीच जमलं तर जानेवारीच्या आत परत आणायचा. मुलगा म्हणाला, "नाही जमलं तर बरं." आई रागावली. मला मात्र त्याचं बोलणं रास्त वाटलं.

शनिवार, २३ नोव्हेंबर

दोघांचे पिंजरे ओसरीवर शेजारी शेजारी, मध्ये चार बोटांची फट. फट हवीच, नाहीतर जाळीतून नाक फोडतात. रोज संध्याकाळी त्याच्याखालचं पोतं हिच्याकडे आणि हिचं त्याच्याकडे. ठमीने त्याच्या पोत्यावर पहिल्याच रात्री लघवी केली. हक्काची नोंदणी झाली.

दोघांना भरपूर गवत लागतं; जेवणाचा मोठा वाटा तोच. पेंढा चालतो खाली अंथरायला, खायला नाही; त्यात कस नसतो. माळावरचं मारवेल कापून वाळवायचे हे दिवस आहेत, म्हणून चार भारे घेऊन माळ्यावर टाकले. गाजर म्हणजे सशाचं जेवण, हे फक्त चित्रांत. गाजर गोड असतं, बोटभर पुरे.

आज निकाल. दुपारनंतर फटाके सुरू झाले. ठमीने पाय आपटला. क्षणभराने शेजारच्या पिंजऱ्यातून थड आला.

रविवार, १ डिसेंबर

पहिली भेट. भेट अशा जागी व्हावी लागते जी दोघांपैकी कोणाचीच नाही. आमच्या घरात ती जागा नाही. ठमीने प्रत्येक खुर्चीच्या पायाला हनुवटी घासून ठेवलीय. आक्कांची गाय गेल्या वर्षी विकली, तेव्हापासून गोठा रिकामा आहे. तो झाडून घेतला, दाराच्या फटीला फळी लावली, मधोमध गवत पसरलं. लपायला दोन्ही बाजूंनी उघडं खोकं. एका तोंडाचं ठेवलं तर आत कोंडलेला मार खातो.

हे सूप हातात धरून उभे. भांडण झालं की मध्ये हात घालायचा नाही, सूप घालायचं. आक्का दावणीवर बसल्या.

बिस्किट कोपऱ्यात. ठमीने आधी त्याला पाहिलंच नाही असं केलं आणि पुढचे पाय चाटत राहिली. मग अंग लांब करून, मागचे पाय जागेवर ठेवूनच, नाक पुढे नेलं. तो हलला नाही. ती त्याच्या मागून गेली, हुंगलं, आणि एकदम वर चढली. आक्का म्हणाल्या, "अगं बया, हे उलटंच!" उलटं नाही, माद्याही चढतात, ते वर कोण आणि खाली कोण हे ठरवणं असतं. तोंडाच्या बाजूने चढली की मात्र लगेच हटवायचं, भलत्या जागी चावा बसतो. दोनदा हटवली. मग शेपटी ताठ झाली, कान मागे गेले, आणि ती सुटली. सूप मध्ये पडेपर्यंत काळ्या केसांचे दोन पुंजके हवेत. रक्त नाही. तपासलं, कातडी शाबूत.

दोघांना पुन्हा समोरासमोर बसवून कोथिंबीर ठेवली. एकाच जुडीची दोन टोकं खाल्ली, एकमेकांकडे न बघता. तिथेच थांबलो. भेट बऱ्यावर असताना संपवायची, हे भाच्याचं वाक्य. लग्नाच्या बैठकीलाही ते लागू आहे, असं आक्कांचं मत.

बुधवार, ४ डिसेंबर

वाईट दिवस. गोठ्यात मांजर डोकावलं, ठमी बिथरली आणि राग बिस्किटवर काढला. आज काही घडलं नाही असं धरायचं.

गुरुवार, १२ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार, घरात पूजा, तरी गोठ्यात जाऊन बसले. आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवते.

ठमी सरळ त्याच्यासमोर आली आणि तिने डोकं खाली घातलं. हनुवटी जमिनीला, कान पाठीवर सपाट, डोळे अर्धे मिटलेले. दिसायला शरणागती, पण असतो हुकूम: चाट. बिस्किटने एक पाऊल पुढे येऊन स्वतःचं डोकं तिच्या हनुवटीखाली घातलं. आधी तू. तिने आणखी खाली घातलं. त्यानेही. दोघांची कपाळं टेकलेली, नाकं मातीत, कोणी हलेना. हे दाराशी येऊन परत गेले. आतली आरती संपली, नैवेद्य झाला. हे दोघे तसेच.

मग ठमीने दातांनी त्याच्या गालाचा केस ओढला, हलकासा. चावा नाही, आठवण. बिस्किटने डोकं उचललं आणि तिच्या कपाळावरून जीभ फिरवली. एकदा, मग भराभर, कपाळ, डोळ्याची कड, मग कानांमागचा तो गुंता. मधेच थांबला तर तिने पुन्हा नाकाने ढोसलं. परतफेड अजिबात नाही. वर कोण हे ठरलं, आणि ज्याला खालची जागा मिळाली त्याचं काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

शुक्रवार, २० डिसेंबर

सकाळी ठमी तोंडात गवताच्या मिशा धरून कोपऱ्याकडे पळताना दिसली. छातीचे केस उपटून त्याची गादी केलीय. आक्का विजयी मुद्रेने आल्या: "म्हटलं नव्हतं?" मीही हादरले, धनकवडीला फोन केला. त्यांनी ऑपरेशनचा कागद मोबाइलवर पाठवला.

भाचा हसला. खोटा गाभ. मादीवर कोणी चढलं, किंवा तिने कोणावर चढून स्वतःचंच शरीर चेतवलं, तरी गर्भ नसताना शरीर सोळा-सतरा दिवस गाभण असल्यासारखं वागतं. मग केस उपटणं, गादी, चिडचिड, आणि आपोआप ओसरतं. गादी मोडू नकोस, म्हणाला. पण पुढचं बोलणं तो हसून बोलला नाही. मादीच्या गर्भाशयात गाठी होण्याचं प्रमाण वयाबरोबर झपाट्याने वाढतं, आणि ठमी चौथ्या वर्षात आहे. तिचंही ऑपरेशन करून घ्या. ह्यांना खर्च पटत नाही. मला भुलीची भीती वाटते. दोघांची कारणं वेगळी, उत्तर एकच: बघू.

सोमवार, १३ जानेवारी २०२५

भोगी. बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी. गाजराचे देठ पिंजऱ्यात. आता पिंजरा एकच आहे. ओसरी त्यांची, रात्री दार बंद, कारण बोका फिरतो.

धनकवडीची मंडळी निघण्याआधी येऊन गेली. मुलाने बिस्किटला हाक मारली. तो आला, हात हुंगला, परत ठमीला टेकून बसला. मुलाला ते आवडलं की नाही, चेहऱ्यावरून कळेना. जाताना विचारलं, "ती याला चाटते का कधी?" खरं सांगितलं, क्वचित. "मग तिला सांगा," म्हणाला.

ठमीचं ऑपरेशन ठरलं, येत्या सोमवारी, पुण्यात, सशांची कामं करणाऱ्या डॉक्टरकडे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. उपाशी ठेवू नका; सशाला उलटी होत नाही, आणि आतडं रिकामं राहिलं तर थांबतं, तोच मोठा धोका. दुसरं, दोघांना आणा. ठमी एकटी दवाखान्याचा वास घेऊन घरी आली तर बिस्किट तिला ओळखणार नाही आणि सगळं पुन्हा गोठ्यापासून सुरू करावं लागेल. हे म्हणाले, "ऑपरेशन एकीचं आणि वरात दोघांची." पण भोरहून टोमॅटोचा प्लॅस्टिक क्रेट तेच घेऊन आले, दोघं मावतील असा. झाकणाला सुतळी बांधून पाहिली. बिस्किटने संध्याकाळपर्यंत कुरतडली. तार आणायला हवी.