ठणठणीत पोटातले जंतू

आमच्या रुग्णालयात दुसरीकडून थेट आयसीयूत आलेल्या रुग्णाचा गुदमार्गातला स्वॅब आधी लॅबमध्ये येतो. तो मॅकॉन्कीच्या प्लेटवर पसरवायचा, त्यावर मेरोपेनेमची चकती ठेवायची आणि रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवून द्यायचं. औषधाला दाद देणारे जंतू चकतीपासून लांब राहतात, तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. हल्ली अनेक प्लेट्सवर ते वर्तुळच नसतं. क्लेब्सिएलाच्या गुलाबी, बुळबुळीत वसाहती चकतीला खेटून वाढलेल्या असतात. लूपने उचलायला जावं तर काहींची पाकासारखी तार निघते. मेरोपेनेम हे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवायचं औषध, आणि हे जंतू त्याला जुमानत नाहीत.

रिपोर्ट गेला की नातेवाईक येतात. ‘डॉक्टर, आईचं पोट तर ठणठणीत आहे, मग तिला वेगळं का ठेवलंय?’ प्रश्न रास्त आहे. हा आजार नव्हे, नुसता मुक्काम आहे. पण केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या, लघवीची नळी बसली किंवा पोटाचं ऑपरेशन झालं, तर तोच जंतू रक्तात किंवा मूत्रमार्गात उतरतो. शिवाय न धुतलेल्या हातांवरून तो शेजारच्या खाटेपर्यंत पोचतो. म्हणून वेगळी खोली. त्यात त्या बाईंचा काही दोष नाही, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

असा जंतू पोटात ठाण मांडतो कसा? निरोगी आतड्यात मूळचे असंख्य जीवाणू जागा आणि अन्न अडवून बसलेले असतात, नवख्याला सहज थारा मिळत नाही. १९५४ साली उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात हे लख्ख दिसलं. एरवी संसर्ग व्हायला साल्मोनेलाचे सुमारे एक लाख जंतू लागत. तोंडावाटे स्ट्रेप्टोमायसिन दिल्यावर दहापेक्षाही कमी पुरले. आपल्याकडे सर्दीला अझिथ्रोमायसिन आणि दोन जुलाब झाले की ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोलची गोळी, तीही दुकानदाराला विचारून घेतली जाते. मला या सवयीचा मनापासून राग येतो. सर्दी विषाणूची असते. मरतात ते पोटातले राखणदार.

एनडीएम-१ हे मेरोपेनेमसारखी कार्बापेनेम गटातली औषधं फोडणारं एन्झाइम २००९ मध्ये शास्त्रीय साहित्यात आलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू तपासून त्यांतल्या २२ मध्ये ते असल्याचं प्रसिद्ध केलं. त्याचं जनुक प्लाझ्मिड या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं आणि एका जातीतून दुसरीत जातं. क्लेब्सिएलाकडून ते ई. कोलायला मिळू शकतं, तेही आतड्यातच.

परदेशातून परतलेल्या दोन हजारांवर डच प्रवाशांची विष्ठा तपासली गेली होती. सिफॅलोस्पोरिन निकामी करणारे ईएसबीएल जंतू दक्षिण आशियातून आलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांनी सोबत नेले होते. प्रवासात अँटिबायोटिक घेणाऱ्यांना धोका जास्त होता. ज्यांना ते चिकटले त्यांच्यापैकी निम्म्यांच्या पोटातून ते महिनाभरात गेले, सुमारे ११ टक्क्यांच्या पोटात वर्षानंतरही होते.

‘मग आईला काहीतरी औषध द्या ना,’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. निव्वळ मुक्कामासाठी अँटिबायोटिक देत नाहीत. उरलेसुरले मूळचे जीवाणूही त्याने जातात. मूळची वस्ती पुन्हा बसवण्याची कल्पना मला जास्त पटते. निरोगी माणसाची विष्ठा रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपाय क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या वारंवार उलटणाऱ्या जुलाबांवर गुणकारी ठरल्याचं नेदरलँड्समधल्या चाचणीने २०१३ साली दाखवलं. आमच्या जंतूंसाठी तो अजून अजमावला जातो आहे. पण २०१९ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या विष्ठेतून ईएसबीएल ई. कोलाय दोन रुग्णांत गेला आणि त्यांतला एक दगावला. तेव्हापासून तिथे दात्याची या जंतूंसाठी तपासणी सक्तीची आहे. आपल्याकडे ती चाळणी लावली तर धडधाकट, तरुण, कधी इस्पितळाची पायरीही न चढलेले दातेही बाद होतात.