रोग राहू द्या, लक्षण सांगा

सदाशिव पेठेत चारचाकी घेणाऱ्याला ‘ॲव्हरेज किती देते’ असं कोणी विचारत नाही, ‘लावणार कुठे?’ असं विचारतात. आमचा वाडा पडून तिथे जी इमारत उभी राहिली तिच्याखाली मोजक्याच गाड्या मावतात, आणि बाहेरच्या गल्लीत सम-विषम तारखांचा हिशोब. थोरल्या भावाची बदली झाली आणि त्याची नऊ वर्षांची छोटी पेट्रोल गाडी माझ्याकडे आली, तेव्हा मीही सगळी काळजी पार्किंगचीच केली. आईचे गुडघे तिला रिक्षात चढू देत नव्हते, त्यामुळे गाडी नको म्हणण्याची सोय नव्हती. क्लास लावला, हात बसला, टिळक रस्त्यावर मागून वाजणारे हॉर्न कानाआड करायला शिकले. बॉनेटखाली काय चालतं याचा मात्र गंधही नव्हता. स्कूटर बंद पडली की ती आडवी करायची, पुन्हा किक मारायची आणि तरी नाही झाली तर कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायची, एवढंच माझं यंत्रज्ञान. चारचाकी आडवी करता येत नाही.

मी मुद्रितं तपासते. त्यामुळे गाडीबरोबर आलेली पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, तीत छपाईच्या दोन चुका काढल्या आणि गाडीविषयी फारसं काही न कळता ती मिटली. सर्व्हिसिंग दर 10,000 किलोमीटरला किंवा वर्षाने, जे आधी येईल ते, एवढं लक्षात राहिलं. त्यावर शेजारच्या काकांनी निर्वाळा दिला, “अगं, तुझी गाडी जाते कुठे? कोथरूड नाहीतर स्वारगेट. चालतच नाही ती झिजेल कशाला?” या मताची माणसं पेठेत बरीच. त्यांच्या गाड्या आठवडाभर कव्हराखाली असतात आणि रविवारी पुसल्या जातात.

गणपतीचे दिवस आले. लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, टिळक रस्ता, जिकडे तोंड करावं तिकडे मांडव नाहीतर बॅरिकेड. गाडी जागची हलली नाही. विसर्जनानंतर चावी फिरवली तर आतून नुसतं टिक्-टिक्-टिक्. पार्किंगमध्ये बघताबघता माणसं जमली. एकाचं म्हणणं स्टार्टर गेला, दुसऱ्याचं पेट्रोल उडून गेलं, तिसऱ्याचं उंदरांनी वायरी खाल्ल्या. पेठेतले उंदीर खरंच तसं करतात, म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवणारेही इथे आहेत. मी सगळ्यांना मान डोलावली, कारण कोणाचं खोडून काढावं एवढं मला काहीच माहीत नव्हतं.

शेवटी नवी पेठेकडच्या एका गॅरेजमधले मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. म्हणाले, “ताई, हेडलाइट लावा. आता चावी फिरवा. दिवे मंद झाले की तसेच राहिले?” दिवे पार मिणमिणले होते. “मग बॅटरीकडचं काम आहे. दिवे लख्ख राहिले असते आणि गाडी गप्प बसली असती, तर स्टार्टरचा संशय घेतला असता.” बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली होती. गरम पाण्यात खायचा सोडा घालून त्यांनी ती धुतली, कोरडं करून टर्मिनल आवळलं आणि वरून पेट्रोलियम जेलीचा हात दिला. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट दिल्यावर मीटर लावून आकडे दाखवले. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झालं की आकडा 13.8 ते 14.4 च्या घरात जायला हवा. नाही गेला तर दोष बॅटरीचा नाही, तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा. माझ्या गाडीचा आकडा बरोबर चढला. बॅटरीच थकली होती. तीन ते पाच वर्षं हे तिचं आयुष्य, आणि आमची त्या उंबरठ्यावर होती.

काकांच्या सिद्धांताचं काय, असं मी विचारलं. मिस्त्री हसले. गाडी स्टार्ट करताना बॅटरीतून जेवढी वीज जाते, ती भरून निघायला पेरूगेटपासून स्वारगेटपर्यंतचं अंतर पुरत नाही. उभ्या गाडीतलं घड्याळ आणि अलार्म थोडी थोडी वीज खात राहतात ते वेगळंच. इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद केलं तर ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जमलेलं पाणी उडून जात नाही, सायलेन्सर आतून गंजतो. रबर तर उभ्याउभ्याही कडक होतं. ‘जे आधी येईल ते’ यातला वर्षाचा हिशोब आमच्यासारख्या गाड्यांसाठीच आहे, हे तेव्हा उमगलं.

पुढच्या खेपेला मी गॅरेजमध्ये गेले ती निदान घेऊनच. “ब्रेक खराब झालेत बहुतेक.” मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. “ताई, रोग मला ठरवू द्या. तुम्ही काय ऐकलं ते सांगा. गाडी गार असताना की गरम झाल्यावर? वेग वाढला की आवाज वाढतो का? ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर? सरळ जाताना, वळताना की खड्ड्यात? डावीकडून की उजवीकडून?” यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येईना. सवयीने चष्मा पुसला. मुद्रितशोधकाला लेखक काय म्हणतोय यावर मत द्यायचं नसतं, कुठल्या ओळीत काय दिसलं ते समासात नोंदवायचं असतं. हे काम आपल्याला येतं, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. घरी येऊन एक वही गाडीच्या कप्प्यात ठेवली.

वहीतली पहिली नोंद ब्रेकचीच होती: हलका दाबला की बारीक, तीक्ष्ण चीं, जोरात दाबला की नाही, पुढून. मिस्त्रींनी चाक काढून दाखवलं. ब्रेक पॅडला पत्र्याची एक छोटी पट्टी असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून ओरडते, म्हणजे ती कंपनीनेच बसवलेली पूर्वसूचना. ती कानाआड केली की पॅडमधला धातू डिस्कवर घासू लागतो आणि चीं जाऊन खर्र सुरू होतं. चीं ऐकून आलात तर पॅडचे पैसे, खर्र होईपर्यंत थांबलात तर डिस्कचेही. पण पावसाळ्यात रात्रभर भिजलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खर्र करते, तो डिस्कवरचा वरवरचा गंज. तो लगेच जातो; त्याला घाबरायचं नाही.

मग नोंदी वाढत गेल्या. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन क्षण किंचाळून थांबणारा आवाज दमट हवेत जास्त येतो: बेल्ट सैल किंवा कडक झालेला. स्पीडब्रेकरवर पुढून एकच खट्: लिंक रॉड नाहीतर बुश. पार्किंगमधून काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की कट-कट-कट, सरळ झाल्यावर बंद: चाकाकडच्या शाफ्टचा जॉइंट. त्यावरचं रबरी बूट फाटलं की ग्रीस बाहेर उडतं आणि धूळ आत जाते. बूट वेळेत बदललं तर खर्च थोडक्यात आटोपतो. आमच्या पार्किंगमधून गाडी काढायची म्हणजे स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्याशिवाय गत्यंतरच नसतं, त्यामुळे हा आवाज लवकर कानावर पडला. वेगाबरोबर चढत जाणारी एकसुरी घूं असेल तर चाकाचं बेअरिंग बघायचं; गाडी एका बाजूला झुकवून वळवली की ती बदलते.

आवाजांनंतर डाग. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरायचा आणि सकाळी वाचायचा. स्वच्छ पाणी एसीचं, ते पडायलाच हवं. काळपट चिकट थेंब ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा थेंब कूलंटचा. चाकापाशी पातळ, पिवळसर, बुळबुळीत काही दिसलं तर तो ब्रेक ऑइलचा संशय. मग गाडी जागची हलवायची नाही, मिस्त्रींनाच बोलवायचं. धुराचंही तसंच. थंडीत सकाळी थोडी वाफ निघाली तर बिघडलं नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर हटत नसेल तर कूलंट इंजिनात शिरतंय. डॅशबोर्डवरच्या दिव्यांचा नियम सोपा आहे. पिवळा लागला तर गॅरेज गाठायचं, लाल लागला तर तिथेच थांबायचं. त्यातही तेलाच्या झारीचं लाल चित्र चालत्या गाडीत लागलं तर एक किलोमीटरचाही मोह नको. ऑइलचा दाब गेला की इंजिन काही मिनिटांत बसतं.

टायरनी मला सगळ्यात जास्त चकवलं. खाचा भरपूर खोल होत्या. झिजेची खूण म्हणून खाचेत 1.6 मिलिमीटर उंचीचे जे उंचवटे असतात त्यांच्यापासून त्या लांबच होत्या. मिस्त्रींनी टायरच्या कडेचे चार आकडे वाचायला लावले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. आमचे टायर गाडीइतकेच म्हातारे निघाले, कडेला बारीक भेगाही होत्या. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासा आणि दहाव्या वर्षी दिसायला चांगले असले तरी बदला, असं टायर बनवणारेच सांगतात. हवेचा आकडा पंपावरच्या मुलाने ठरवायचा नसतो, तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि टायर गार असताना मोजायचा असतो. मधला पट्टा जास्त झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्या तर कमी, एकच कड झिजली तर अलाइनमेंट. हे सगळं शिकून मी ऐटीत डिकी उघडली, तर स्टेपनीत हवाच नव्हती.

वहीची खरी परीक्षा खंबाटकी घाटात झाली. मे महिना, आईला वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाला न्यायचं होतं. घाट चढताना पुढे लादलेला ट्रक, एसी चालू, आणि तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून वर सरकू लागला. एसी बंद केला, काचा उघडल्या, आणि मिस्त्रींनी सांगून ठेवल्याप्रमाणे हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनची थोडी उष्णता गाडीत ओढली जाते. मे महिन्यात घाटात हीटर लावणारी मुलगी बघून आई फक्त एवढंच म्हणाली, “तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?” काटा थांबला, खाली येईना. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. एका मदतीला आलेल्या गृहस्थांनी रेडिएटरच्या झाकणाला हात घातला, तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 100 अंशांच्या वर जाऊनही ते उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळता फवारा अंगावर येतो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बाजूच्या टाकीतली पातळी पाहिली, ती ठीक होती. एसीविना हळूहळू चढलो, माथ्यावर पुन्हा थांबलो. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं, गाडी चाललेली असो वा नसो. जुनं ऑइल लांब उतारावर तापलं तर त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं दबतं. म्हणून दोन वर्षांनी ते बदलायचं.

पुण्यात आल्यावर मिस्त्रींना वही दिली. लिहिलं होतं: घाटात, हळू वेगात, ट्रकच्या मागे काटा वर. सपाटीला वेग धरल्यावर काटा मध्यावर. थांबल्यावर पुढून पंख्याचा आवाज नाही. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “फॅन फिरत नाही. वेगात असताना समोरचा वारा काम करतो, हळू चालताना फॅनच लागतो.” मोटर जळली होती. त्यांनी मुलाला नाना पेठेत पार्ट आणायला पिटाळलं, जुना पार्ट बरोबर देऊन. नवा बसवल्यावर जुना मी मागून घेते, ही त्यांनीच लावलेली सवय. काय बदललं ते डोळ्यांनी बघितलं की बिल वाचता येतं.

आता पार्किंगमध्ये कोणाची गाडी अडली की काका मलाही हाक मारतात. माझ्याकडे उत्तरं नसतात. मी मिस्त्रींचे प्रश्न विचारते, आणि बहुतेकांना ते आवडत नाहीत, कारण प्रत्येकाकडे रोग तयार असतो. माझ्या गाडीतही एक खुट्ट अजून सापडलेली नाही. नोंद अशी: मागून डावीकडे, फक्त पावसाळ्यात, आई गाडीत असेल तरच. गॅरेजच्या दारात ती कधीच वाजत नाही. मिस्त्रींनी नोंद दोनदा वाचली आणि वही परत देत म्हणाले, “आईंना एकदा उजवीकडे बसवून बघा.”