‘च्यायला’ची विभक्ती

‘च्यायला’ ही शिवी आहे की उद्गार? व्याकरणाच्या पुस्तकांतील केवलप्रयोगी अव्ययांच्या याद्या या प्रश्नाच्या वाटेला सहसा जात नाहीत. तेथे ‘अबब’, ‘अरेरे’, ‘शाबास’ अशी सभ्य मंडळी बसलेली असतात. उच्चारणाऱ्याला विचारावे, तर शिवी दिल्याचे तो साफ नाकारतो. आणि त्याचे हे नाकारणे प्रामाणिक असते. शब्दाच्या घडणीत शिवी आहे, वापरात मात्र ती नाही, असा हा पेच आहे.

बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातले तलवाडा हे त्वरितादेवीचे गाव. मराठवाड्याच्या बोलीत आई ही ‘माय’ असल्यामुळे या परिसरात शब्दाचे रूप ‘च्यामायला’ किंवा नुसते ‘मायला’ असे होते. भरून आलेले आभाळ न बरसताच निघून गेले की हा शब्द येतो. कापसाचा भाव ऐकून येतो, डोळ्यांदेखत एस.टी. निघून गेली की येतो. बऱ्याच वर्षांनी भेटलेल्या मित्राच्या पाठीवर थाप मारतानाही तोच येतो. हताशा, संताप, विस्मय, कौतुक, जिव्हाळा यांपैकी कोणता भाव अभिप्रेत आहे, हे केवळ सुरावरून ठरते. रोमान याकोब्सन यांनी १९६० मध्ये भाषेच्या कार्यांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तीत भावाविष्काराचे कार्य उद्गारवाचकांत सर्वांत शुद्ध रूपात आढळते, असे म्हटले आहे. त्या दृष्टीने पाहता येथे अर्थक्षय पूर्ण झाला असून शब्द निरुपद्रवी ठरला आहे, असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु तो अपुरा आहे.

शब्दाची घडण थोडी उलगडून पाहावी. ‘च्या’ हा अवशेष ‘तुझ्या’चा असू शकत नाही, तो ‘त्याच्या’, ‘ह्याच्या’ किंवा ‘तिच्या’चाच असला पाहिजे. म्हणजे हा शब्द समोरच्या माणसावरून आधीच ढळलेला असून अनुपस्थित अशा तिसऱ्या कोणाकडे वळलेला आहे. त्याचा सौम्यपणा येथे आहे. सर्वनाम द्वितीय पुरुषात आणून ‘तुह्या मायला’ म्हटले, की त्याच पारावर बाचाबाची होते. पुढे ते सर्वनामही गळाले. क्रियापद तर अध्याहृतच होते. ते आता बोलणाऱ्याच्या मनातही उरलेले नाही. कर्ता नाही, क्रिया नाही, जिला उद्देशून बोलावे ती व्यक्ती नाही. ‘आयला’, ‘मायला’ या आखूड रूपांत तर केवळ आई आणि तिला चिकटलेला ‘ला’ हा प्रत्यय एवढेच उरते.

हा सौम्यपणाही सर्वांना सारखा लाभत नाही. बरोबरीचे दोघे तो एकमेकांत खुशाल वापरतात. वडीलधाऱ्यांसमोर तो ओठांवर आला तरी गिळला जातो. मालकाने मजुरासमोर उच्चारला तर ती बोलण्याची लकब; मजुराने मालकासमोर उच्चारला तर तो उद्धटपणा. बाईच्या तोंडून निघाला तर तिच्या वळणाची चर्चा होते. शब्द एकच असला तरी त्याची किंमत बोलणाऱ्याच्या स्थानावरून ठरते.

काव्यशास्त्राला हे ठाऊक होते. मम्मटाने ग्राम्यत्व हा दोष मानला. मात्र अधम पात्रांच्या उक्तीत तो गुण ठरतो, अशी सवलतही दिली. या सवलतीत औचित्याचे भान आहे, तसा अधम कोण हे आधीच ठरवून टाकण्याचा अधिकारही आहे. १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर शॉच्या ‘पिग्मॅलियन’मध्ये ‘ब्लडी’ हा शब्द उच्चारला गेला आणि खळबळ उडाली. एलायझा तो प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात उच्चारते. फुले विकणारीने तो रस्त्यावर उच्चारला असता तर कोणाचे कान टवकारले नसते. मराठीत १९७२ साली ‘गोलपिठा’ आला, तेव्हा मम्मटाची ही सवलतच निरर्थक झाली. नामदेव ढसाळांच्या कवितेत ही भाषा कोणा पात्राच्या तोंडी घातलेली नव्हती, ती कवीची स्वत:ची होती.

तथापि, ग्राम्यतेवरचा हा वर्गीय आक्षेप दूर झाल्यावरही ‘च्यायला’तील आई जागची हलत नाही. मराठी उद्गारांत आईबापांच्या वाट्याला कोणत्या विभक्ती आल्या आहेत, ते पाहण्यासारखे आहे. ‘बापरे’ हे संबोधन आहे. त्यात आश्रयासाठी हाक आहे. ‘कोणाच्या बापाचे काय जाते’ या प्रयोगात षष्ठी आहे. तेथे बाप मालक आहे. आईलाही संबोधन मिळते, पण ते दुखण्याखुपण्यात: पायात काटा रुतला की ‘माय गं’. राग आला, की तीच आई ‘ला’ प्रत्यय घेते. हा प्रत्यय द्वितीयेचाही आहे आणि चतुर्थीचाही. क्रियापद लोपले असल्याने कोणता ते सांगता येत नाही. एवढे मात्र खरे, की आई तेथे क्रियेची धनी नसते. क्रिया तिच्यावर होते. उलट बायकांच्या ठेवणीतले ‘मेल्या’, ‘मुडद्या’ हे शब्द ज्याला लागायचे त्यालाच लागतात, त्याच्या बापाकडे वळत नाहीत.

तलवाड्यात नवरात्रात देवीला ‘आई’ म्हणून हात जोडणारे तोंड घरी परतताना ठेच लागली की ‘मायला’ म्हणते, यात त्याला विसंगती जाणवत नाही. ती केवळ दांभिकताही नव्हे. भाषेने एकाच नात्याला दोन विभक्तींत ठेवले आहे आणि बोलणारा ती व्यवस्था वारशाने घेतो. म्हणूनच कथेतील संवादात या शब्दाच्या जागी फुल्या छापणे जसे व्यर्थ, तसेच तो आला एवढ्यावरून लेखनाला ‘अस्सल मातीचा वास’ बहाल करणेही व्यर्थ. पहिल्या कृतीत शब्द लपतो, दुसरीत त्याची सजावट होते. वाचला जात नाही तो दोन्हींत. संहितेत हा शब्द भेटला, की तो कोण कोणासमोर उच्चारतो हे समीक्षकाने पाहावेच. आणि सारे काही झिजून गेल्यावरही त्यात कोण उरले आहे, तेही पाहावे.