हरायची मुभा असते तोवर

चि. बाळास,


तुझं पत्र मिळालं. प्रमोटरनं पुढे केलेला करार, चार फेऱ्यांची पहिली लढत आणि शेवटी तुझा प्रश्न: व्यावसायिक, म्हणजे प्रो, बॉक्सर व्हायच्या आधी हौशी लढती किती झालेल्या असाव्यात? ताईशी, म्हणजे तुझ्या आईशी, बोलण्याआधी तुलाच सविस्तर लिहितो. ठोसे तू खाणार आहेस, तेव्हा निर्णयही तूच समजून-उमजून घ्यायला हवा.

नुसता आकडा धरून बसलास तर फसशील. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोनं हौशी रिंगणात 396 लढती जिंकल्या आणि एकच गमावली. बीजिंग आणि लंडन, दोन्ही ऑलिंपिकचं सुवर्ण त्याच्याकडे. मेक्सिकोचा कानेलो आल्वारेझ मात्र पंधराव्या वर्षीच प्रो झाला. पुढे दोघेही जगज्जेते झाले.

लोमाचेन्कोचं पुढे काय झालं ते नीट वाच. मार्च 2014 मध्ये, दुसऱ्याच प्रो लढतीत, तो ओर्लांडो सालिडोसमोर जागतिक किताबासाठी उभा राहिला आणि हरला. सालिडो तोवर डझनभर लढती हरलेला माणूस. पण मिठीत कसं अडकवायचं, कमरेखाली मारून रेफ्रीची नजर कशी चुकवायची, बारा फेऱ्यांना दम कसा पुरवायचा, हे त्याला पाठ होतं. तुझी हौशी लढत तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांत संपते. किताबाची लढत छत्तीस मिनिटं चालते. तुझ्या 60 किलो वजनात आज दहा औंसाचे ग्लोव्हज असतात, प्रोमध्ये ते आठ औंसाचे होतील. तरीही लोमाचेन्को सावरला आणि तिसऱ्याच लढतीत जगज्जेता झाला. हरल्यावर काय दुरुस्त करायचं हे त्याला लगेच कळलं, कारण पाया पक्का होता.

नुसत्या सुवर्णपदकावरही विसंबू नकोस. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकचा हेवीवेट विजेता पीट रॅडमाकर पुढच्याच वर्षी, आपल्या पहिल्याच प्रो लढतीत, जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनला भिडला. दुसऱ्या फेरीत त्यानं पॅटरसनला खाली पाडलं, पण सहाव्या फेरीत स्वतः नॉकआउट झाला. मधल्या पायऱ्या सहसा कुणाला गाळता येत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे: हौशी बॉक्सिंगची खरी कमाई म्हणजे तिथं हरायची मुभा असते. 1984 च्या अमेरिकन ऑलिंपिक निवडीत माईक टायसन हेन्री टिलमनकडून दोनदा हरला. संधी गेली, पण त्याच्या नावावर डाग लागला नाही. दोन वर्षांनी तो जगज्जेता झाला आणि 1990 मध्ये त्याच टिलमनला त्यानं पहिल्या फेरीत झोपवलं. तू जिल्ह्याला हरलास, तर पुढच्या वर्षी पुन्हा उतरू शकतोस. प्रोमध्ये तिसऱ्याच लढतीत हरलास, तर तो पराभव कायम तुझ्या रेकॉर्डवर राहील आणि पुढच्या प्रत्येक करारात तुझी किंमत पाडेल.

कमी अनुभव असूनही मोठे झालेले आहेतच. अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरनं विसाव्या वर्षी ग्लोव्हज चढवले आणि 2008 मध्ये ऑलिंपिक कांस्य जिंकलं. पण किताबाची लढत त्याला 2015 मध्ये, सलग 32 विजयांनंतर मिळाली. आधी न झालेलं शिक्षण त्यानं प्रोमध्ये हळूहळू पुरं केलं. अमेरिकेत त्यासाठी छोट्या लढती मिळत राहतात. आपल्याकडे त्या नियमित होत नाहीत, म्हणून आपल्या मुलानं शिकूनच उतरलेलं बरं.

फार उशीरही नको. विजेंदर सिंग तीन ऑलिंपिक खेळून ऑक्टोबर 2015 मध्ये मँचेस्टरला पहिली प्रो लढत लढला, तेव्हा तो तिशीच्या उंबरठ्यावर होता. त्यानं पहिल्या बाराच्या बारा लढती जिंकल्या. पहिला पराभव 2021 मध्ये पणजीत झाला. शिदोरी भरपूर होती, उमेदीची वर्षं मात्र मागे पडली होती. निशांत देवनं मला जास्त योग्य वेळ साधली असं वाटतं: जागतिक स्पर्धेचं कांस्य, पॅरिस ऑलिंपिकची उपांत्यपूर्व फेरी, आणि मग जानेवारी 2025 मध्ये, चोविसाव्या वर्षी, लास वेगासला पहिली प्रो लढत.

आता तुझं. डावखुऱ्या बॉक्सरशी खेळून जिंकला आहेस का? ज्यानं तुला हरवलं, त्याला पुढच्या भेटीत हरवलंस का? तिसऱ्या फेरीत हात जड झाल्यावर गार्ड वर राहतो का? आठ फेऱ्यांचं स्पारिंग पुरं करून दुसऱ्या दिवशी धावायला उठतोस का? चारही उत्तरं ‘हो’ आली, तर लढती चाळीस असोत की दीडशे, मी अडवणार नाही. पण तुझ्या पत्रावरून निदान दोन उत्तरं ‘नाही’ आहेत.

म्हणून अजून दोन वर्षं थांब. वरिष्ठ गटाची राज्य स्पर्धा आणि मग राष्ट्रीय स्पर्धा खेळ. तिथं सेनादलाची आणि रेल्वेची मुलं भेटतील. त्यांच्यासमोरच्या नऊ मिनिटांत जे कळेल ते कोणताही प्रमोटर तुला शिकवणार नाही. घरची ओढाताण मला माहीत आहे. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पदक आलं तर ताईच्या डोक्यावरचा भार आधी उतरेल. पोटाची चिंता मिटलेला बॉक्सर मिळेल ती लढत घेत नाही, नीट पारखून घेतो.

करारावर सही करू नकोस, त्याची प्रत मला पाठव. करार किती वर्षांचा, वर्षाला किती लढती, प्रतिस्पर्धी कोण ठरवणार, दुखापतीचा खर्च कोण करणार, हे सगळं प्रमोटरकडून लेखी माग. तुझ्यात खरोखर दम आहे असं त्याला वाटत असेल, तर दोन वर्षांनीही तो येईल. नाही आला, तर तोवर तुझ्याजवळ इतकं असेल की दुसरा कुणी येईल.

तुझा,
मामा