जागा होती, पण भिंतीपलीकडे

लॅबमधल्या लिनक्स संगणकाचं 20 जीबीचं रूट पार्टिशन गच्च भरलं. शेजारी होममध्ये मात्र 150 जीबी मोकळे! मधली भिंत हलवायची कशी? त्यात दहावीच्या मुलांचं वर्षभराचं काम तिथेच. मग नवी डिस्क जोडली, तिच्यावर व्हॉल्यूम ग्रुप केला, त्यातून दोन लॉजिकल व्हॉल्यूम काढले, थोडी जागा शिल्लक ठेवली आणि आरसिंकने सगळं कॉपी केलं. एफएसटॅब बदलला, ग्रब बसवला. रीस्टार्ट करतो तर रूटच सापडेना! पोटात गोळा आला. इनिट-रॅम-एफएस नव्याने बनवायचं मी विसरलो होतो, त्यामुळे सुरुवातीलाच एलव्हीएम ओळखणारं कुणी नव्हतं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून ते बनवलं. आठवड्याने रूट पुन्हा भरलं, तेव्हा संगणक चालू असतानाच 10 जीबी वाढवले. मुलं टाइप करतच होती. जुनी डिस्क अजून कपाटात आहे, पुसायचा धीर होत नाही.