ताटावाचून खाणे

मराठीत आल्यावर ‘हॉटेल’ या शब्दाने आपला मूळचा थाट टाकून दिला. मुंबई-पुण्याकडे त्याला राहण्याच्या खोल्या अजून चिकटलेल्या असतील. आमच्या सोलापूर जिल्ह्यात मात्र दोन बाकडी, एक मोठी कढई, चहाचे पातेले आणि पाण्याची घागर एवढा संसार मांडला की हॉटेल झाले. तिथे कोणी मुक्काम करत नाही. फार तर एस.टी. चुकली म्हणून तासभर बसते. अशाच एका हॉटेलाविषयी, आणि त्याहून अधिक तिथे मिळणाऱ्या पावाविषयी, काही मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

मैंदर्गी हे अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. गावाला नगरपरिषद आहे, आणि कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की बाजारात कानडी आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. १९६७ साली महाजन आयोगाने अक्कलकोट तालुका तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा अशी शिफारस केली होती. ती अमलात आली नाही आणि तालुका महाराष्ट्रातच राहिला. आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक. आमच्यापैकी एकाचे बालपण याच गावातले. दुसरी लग्न होऊन पुणे जिल्ह्यातून इथे आली. त्यामुळे या हॉटेलाकडे आम्ही दोन जागांवरून पाहत आलो, एकाने बाकड्यावर बसून आणि दुसरीने रस्त्याच्या पलीकडून. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

हॉटेलाला चाळीस वर्षे तरी झाली असतील. सकाळी सुसला आणि मिरची भजी, दुपारनंतर वडापाव, चहा केव्हाही. पाव अक्कलकोटहून सकाळच्या गाडीने येत. मालक पाव मधोमध चिरून आत लसणीच्या चटणीऐवजी शेंगदाण्याची चटणी पसरत, आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून ‘काय देऊ’ म्हणायचे की ‘एन बेक्री’ ते ठरवत. कोणी वड्याऐवजी मिरची भजीच पावात घालून मागे. मुंबईकराला हा अपचार वाटेल. आमच्या भागात शेंगाचटणीवाचून कोणताही घास पुरा होत नाही.

अमेरिकेत या जातीच्या दुकानांचा एक मोठा संप्रदाय आहे. लांबट पाव उभा चिरायचा आणि त्यात मांस, चीज, भाज्या भरून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. इटलीहून गेलेल्या स्थलांतरितांच्या गल्लीबोळांतल्या दुकानांत हा प्रकार रुजला. पाणबुडीसारख्या आकारामुळे त्याला ‘सबमरीन’ म्हणू लागले; न्यूयॉर्कात तोच ‘हीरो’, फिलाडेल्फियात ‘होगी’, न्यू इंग्लंडात ‘ग्राइंडर’. गावागणिक नाव बदलते, यावरूनच तो किती मुरला आहे हे कळते. १९६५ साली कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट येथे फ्रेड डिलुका नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने पीटर बक या स्नेह्याकडून हजार डॉलर उसने घेऊन असेच एक दुकान काढले. त्याची पुढे ‘सबवे’ ही जगभरची साखळी झाली, आणि २००१ साली ती भारतातही आली.

योगायोग असा की त्याच्या पुढच्याच वर्षी, १९६६ साली, अशोक वैद्य यांनी मुंबईत दादर स्थानकाबाहेर बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे सांगितले जाते. आद्यत्वाचे वाद असतात, ते इथेही आहेत. पण काळ आणि जागा यांविषयी फारसे दुमत नाही. गिरणीची पाळी सुटलेली असे, लोकल पकडायची असे, आणि ताट मांडून बसायला वेळ नसे. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या बहुतेकांना गिरणी पुन्हा दिसली नाही. जे खाऊन कामावर जायचे तेच विकायला त्यांच्यापैकी काही जण उभे राहिले. कामगाराचे खाणे आणि कामगाराचा अखेरचा धंदा, अशा दोन्ही भूमिका एकाच पदार्थाने निभावल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस पटकन आठवत नाही.

आता कोणी विचारील की, वाटेत खाण्यासाठी आपल्याकडे भाकरी नव्हती काय? होतीच. सोलापूरकडची कडक भाकरी तर अनेक दिवस टिकते. ज्वारीची पातळ भाकरी भाजून वाळवायची, शेंगाचटणीबरोबर फडक्यात बांधायची आणि निघायचे. तिलाही ताट लागत नाही. मग पावाने अधिक काय केले?

आमच्या मते फरक चवीचा किंवा सोयीचा नाही. भाकरी आपल्या घरच्या चुलीवरची असते. ती कितीही कोस चालली तरी घर तिच्याबरोबर चालते, आणि घराबरोबर घराची जातही. फडके सोडून कोण कोणाशेजारी बसणार, कोण कोणाच्या चटणीला हात लावणार, हे भाकरी बांधतानाच ठरलेले असते. पाव कोणी मळला, कोणत्या भट्टीत भाजला, कोणाच्या हाताने चिरला याचा पत्ता खाणाऱ्याला नसतो. पाव खायचा म्हणजे अनोळखी हातावर विश्वास टाकायचा.

हा विश्वास आपल्या समाजाने सहजासहजी टाकलेला नाही. ‘पाव’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला, आणि पुष्कळ काळ पाव खाणे म्हणजे बाटणे अशीच समजूत होती. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाची कथा सर्वश्रुत आहे. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारखी माणसे तिथे होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे फोडली आणि चहा-बिस्किटांवरून पुण्यात ग्रामण्य उभे राहिले. टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त चुकले नाही. कपभर चहाची ही किंमत पुण्यातल्या उच्चवर्णीयांना मोजावी लागली. ज्यांना कपच मिळत नव्हता त्यांची कथा वेगळी.

त्या दुसऱ्या कथेतले सर्वांत उजळ पान कोल्हापूरचे आहे. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पदरचे नोकर. अस्पृश्य असून सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, शिवाय गंगारामांना स्वतंत्र धंदा काढण्यास साह्य केले. गंगारामांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना, तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले, आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यावा लागला. १९२२ साली महाराज गेले. पुढे २६ जानेवारी १९५० पासून दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे सर्वांना खुली असतील, हे पंधराव्या अनुच्छेदाने देशाला बांधून दिले. राज्यघटना लिहिणाऱ्यांना मूलभूत हक्कांच्या प्रकरणात हॉटेलाचा उल्लेख करावासा वाटला, यातच त्या दोन बाकड्यांचे वजन कळते.

कायदा झाला तरी कपबशा लगेच एकत्र आल्या नाहीत. आमच्यापैकी एकाच्या आजोळी (गावाचे नाव इथे नको) चहाच्या दुकानाच्या वळचणीला काही कप उपडे घातलेले असत. ते कोणासाठी, हे विचारायचे नसते, हे लहान मुलालाही कळे. पिणाऱ्याने तो कप स्वतः घ्यायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, विसळून पुन्हा जागेवर ठेवायचा. त्याच दुकानात वडापाव मिळू लागला तेव्हा तो मात्र सर्वांना एकाच हाताने, एकाच परातीतून आणि एकाच वर्तमानपत्राच्या तुकड्यात मिळे. वेगळे ठेवायला भांडेच नव्हते. पाव हेच भांडे होते, आणि खाणारा ते खाऊन टाकत होता.

पावाने जात मोडली, असा भाबडा निष्कर्ष आम्हांला काढायचा नाही. तोच माणूस पाव खाऊन झाल्यावर चहासाठी वळचणीकडे वळे, हेही आम्ही पाहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, भेद पाळायलाही साधने लागतात. कप लागतो, ताट लागते, पंगत लागते. जिथे साधन नाहीसे होते तिथे भेद पाळणाऱ्याला क्षणभर काय करावे ते सुचत नाही. आणि तेवढ्या क्षणात शेजारचा माणूस खाऊन मोकळा होतो. पुढे कपही गेले. त्यांचे श्रेय आधी त्या कपाला नकार देणाऱ्या माणसांचे, मग कायद्याचे, आणि थोडे पाण्यासारख्या स्वस्त झालेल्या कागदी पेल्यांचे.

आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूविषयी. मैंदर्गीच्या या हॉटेलात कपांचा भेद आम्ही पाहिला नाही. शेतमजूर, मास्तर, लिंगायत व्यापारी, मुस्लिम टेलर असे सगळे त्या बाकड्यांवर असत. पण लग्न होऊन आलेल्या आमच्यातल्या दुसरीच्या लक्षात पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट आली, जी बाकड्यावर वाढलेल्याला तोवर कधी दिसलीच नव्हती. तिथे बाई नव्हती. बायका एस.टी.ची वाट पाहत झाडाखाली उभ्या राहत, भूक लागली तर सोबतच्या पोराला पाठवून पुडा मागवत, आणि तो पदराआड धरून घरी नेत किंवा गाडीत बसल्यावर सोडत. मनाई करणारी पाटी कुठेच नव्हती. ‘आमच्याकडे कोण नको म्हणतंय,’ असे मालक म्हणाले असते, आणि ते खरेही होते. अनुच्छेदाने लिंगभेदालाही बंदी केली आहे; पण बाकड्यावरच्या दहा पुरुषांच्या नजरा अनुच्छेदात बसत नाहीत.

गमतीची गोष्ट म्हणजे हॉटेलात एक बाई पहिल्या दिवसापासून होती. मालकांची पत्नी. तिला सारे ‘अक्का’ म्हणतात, आम्हीही म्हणतो. कांदा चिरणे, बटाटे उकडणे, चटणी कुटणे, भांडी घासणे ही सगळी कामे ती मागच्या पत्र्याच्या खोलीत करी. गावातल्या तीन पिढ्यांनी तिच्या हातचे खाल्ले. तिचा चेहरा मात्र गिऱ्हाइकांपैकी थोड्यांनीच पाहिला असेल. काही वर्षांपूर्वी मालक वारले. मुलगा पुण्यात नोकरीला. महिनाभर हॉटेल बंद राहिले, आणि मग एका सकाळी अक्का स्वतः पुढे येऊन गल्ल्यावर बसली. कढईसमोर तिचा भाचा उभा राहतो. पाव चिरण्याचे काम तिने स्वतःकडे ठेवले आहे.

त्यानंतर जे झाले ते कोणी घडवून आणलेले नाही. आधी शाळेतून येणाऱ्या दोन मुली अक्काशी बोलत उभ्याच खाऊ लागल्या. मग अक्कलकोटला महाविद्यालयात जाणाऱ्या मुली गाडीची वाट पाहत बाकड्याच्या टोकाला बसू लागल्या. टोकाला बसणाऱ्यांना जागा द्यायची म्हणून पुरुष सरकले, आणि आता सकाळच्या वेळी एक बाकडे जवळपास त्यांचेच असते. त्यांच्यातलीच एक आमच्या वर्गात आहे. ग्रामीण साहित्यातील स्त्रीचित्रणावर आम्ही बरेच बोललो, तेव्हा ती म्हणाली, ‘सर, या सगळ्या कथांमधल्या बाया कायम दुसऱ्याला वाढतच असतात. बाहेर बसून एकटी खाणारी बाई कुठल्या कथेत आहे?’ आम्ही दोघांनी घरी येऊन पुस्तकांचे कपाट धुंडाळले. शोध अजून चालू आहे. यादी फार लहान आहे.

हॉटेल किती दिवस चालेल, हे सांगता येत नाही. अक्काचे गुडघे दुखतात, भाच्याला रिक्षा घ्यायची आहे, आणि मुलगा ‘आता पुरे कर’ म्हणून दर फोनला सांगतो. साखळी दुकानांचे बरे असते. मालक मेला तरी पाटी तीच राहते. इथे माणूस गेला की चटणी गेली. सोलापूरला आता हवे ते मिळते, पाणबुडीच्या आकाराचा पावही. त्याची चव वाईट नाही आणि मुली तिथे निर्धास्त बसतात, हेही आम्ही नोंदवतो. पण दोघी मैत्रिणींना तिथे बसायला जेवढे पैसे लागतात, तेवढ्यात अक्काकडे अख्खे बाकडे खाऊन उठते. तेव्हा अक्काचे हॉटेल बंद झाले तर नुकसान चवीपुरते राहणार नाही. सकाळी आठ वाजता, थोडक्या पैशांत, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून खायची गावातल्या मुलींची एकमेव जागा जाईल. पुढचा मालक बहुधा पुरुष असेल, आणि बाकडे पुन्हा पहिल्यासारखे होणार नाही याची हमी कोण देणार?

असो. २०२२ साली राज्यात कायदा बदलला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. अक्काच्या हॉटेलाला इतक्या वर्षांत पाटीच नव्हती. गरजही पडली नव्हती. कोणीतरी तिला कायद्याची भीती घातली तेव्हा मराठीचे प्राध्यापक म्हणून तिने आम्हांला बोलावले. आम्ही दोन-तीन नावे सुचवली. ती ऐकून अक्का म्हणाली, ‘नाव कशाला मॅडम, काय मिळतं ते लिवा. मराठीत मोठं, खाली कानडीत.’ पेंटरने तसेच लिहिले: सुसला, मिरची भजी, वडापाव, चहा. भावाची जागा तिने कोरी ठेवायला सांगितली. शेवटी एक ओळ मात्र तिने स्वतः सांगून घातली, आणि ती दोन्ही भाषांत आहे: बसायची सोय आहे.