नाकाची नोकरी

मराठी माणसाच्या नाकाला कामं भरपूर. ते वर करायचं, मुरडायचं, दुसऱ्याच्या घरात खुपसायचं, आणि उरल्या वेळात त्यानेच कांदे सोलायचे! वास घेणं हे आपलं जोडकाम.

जुन्नर-आंबेगावकडे मात्र नाकाला खरीखुरी नोकरी असते. उन्हाळी कांदा बराखीत भरला, की मंचरकडचे आमचे मामा पावसाळाभर बराखीभोवती हुंगत फिरतात. एक कांदा सडला की शेजाऱ्यांना नासवतो. आणि बाहेर वास येईपर्यंत आतला पाच-दहा पिशव्या माल कामातून गेलेला असतो. धाकटीची कॉलेजची फी त्याच पिशव्यांत!

आता विजेवर चालणारं नाक निघालंय. इंग्लंडात वॉरविक विद्यापीठातल्या पर्सॉड आणि डॉड यांनी १९८२ साली ते मांडलं. त्यात निरनिराळे संवेदक असतात. वायू लागला की प्रत्येकाचा विद्युतरोध कमीजास्त होतो. पण एकट्या कुणालाच वास ओळखता येत नाही. सगळ्यांच्या कमीजास्तीची मिळून एक नक्षी उमटते. चांगला आणि सडका कांदा आधी हुंगवून यंत्राला दोन्ही नक्ष्या शिकवायच्या, मग ते ताडून पाहतं. थोडक्यात, आमच्याकडची लग्नाची बैठक. एकालाही नीट काही ठाऊक नसतं, पण निर्णय होतो!

नाशिककडे कांदाचाळीत वास टिपणाऱ्या यंत्रांचे प्रयोग झाले आहेत, हे मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामांनी शांतपणे तंबाखू मळली.

"कांदा कधी सडणार ते सांगंल, भाचेबुवा. पण भाव कधी सडणार, त्याचा वास येतो का त्याला?"